अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलांचा टॅक्स: कागद गोळा करण्यापासून पाकीट पोस्टात टाकेपर्यंत

जानेवारी संपत आला, इकडे दिंडोरी-निफाडच्या बागांमधून द्राक्षं उतरायला लागली की माझ्या फोनवर दरवर्षी एकच प्रश्न यायला लागतो. या वर्षी पहिला फोन माझ्या बहिणीच्या मुलाचा. तो गेल्या ऑगस्टमध्ये मास्टर्सला गेलाय. "मावशी, युनिव्हर्सिटीचा ईमेल आलाय की टॅक्सचं फायलिंग करा, पण मी तर इथे एक डॉलरपण कमावला नाही, पप्पांनीच पैसे पाठवलेत सगळे, मग मी कशाला भरू?" आणि त्याच्या मागून गंगापूर रोडवरच्या घरातून ताईचा फोन, की याला काही दंड-बिंड तर नाही ना होणार, व्हिसाला काही प्रॉब्लेम तर नाही ना.

मी स्वतः एफ-१ (स्टुडंट व्हिसा) वर शिकले, नंतर ओपीटीवर (डिग्रीनंतर त्याच व्हिसावर नोकरी करायची परवानगी) नोकरी केली आणि मग नाशिकला परत आले, त्यामुळे हे सगळं फॉर्म हातात धरून केलेलं आहे आणि तेव्हापासून घरातल्या, ओळखीतल्या मुलांना सांगत आलेय. म्हणून यावेळी एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतेय. मुलांनी वाचा, आणि आई-बाबांनी पण वाचा, कारण अर्धे कागद तुमच्याच कपाटात असतात.

सगळ्यात आधी डोक्यातून एक गोष्ट काढून टाका, की कमाई नाही म्हणजे फायलिंग नाही. आपल्याकडे तसं चालतं म्हणून आपल्याला तसंच वाटतं. तिकडे एफ किंवा जे (एक्स्चेंज व्हिजिटर) व्हिसावर असलेल्या आणि टॅक्सच्या दृष्टीने नॉनरेसिडेंट असलेल्या प्रत्येकाने फॉर्म ८८४३ पाठवायचा असतो, पगार असो नसो. नवरा किंवा बायको एफ-२ वर सोबत असेल तर तिचा वेगळा, लहान मूल असेल तर त्याचाही वेगळा. हा टॅक्स रिटर्न नाहीच, मी किती दिवस इथे राहिलो आणि ते दिवस का मोजू नयेत एवढंच सांगणारा कागद आहे. पण तो पाठवला नाही तर तुमच्या नॉनरेसिडेंट असण्याचा कागदोपत्री आधारच राहत नाही.

आधी ठरवा: तुम्ही रेसिडेंट की नॉनरेसिडेंट

इथे चुकलं की पुढचं सगळं चुकतं, म्हणून यावर थोडा वेळ काढा. टॅक्समधला रेसिडेंट आणि इमिग्रेशनमधला रेसिडेंट यांचा एकमेकांशी संबंध नाही. ग्रीन कार्ड नसतानाही तुम्ही टॅक्ससाठी रेसिडेंट होऊ शकता. नियम दिवसांवर चालतो: चालू वर्षात किमान ३१ दिवस, आणि चालू वर्षाचे सगळे दिवस अधिक मागच्या वर्षाच्या दिवसांचा एक तृतीयांश अधिक त्याच्या मागच्या वर्षाचा एक षष्ठांश, ही बेरीज १८३ किंवा जास्त झाली की तुम्ही रेसिडेंट. पण एफ-१ आणि जे-१ स्टुडंटचे पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांचे दिवस यात मोजतच नाहीत.

कॅलेंडर वर्ष हा शब्द नीट वाचा, कारण गोंधळ इथेच होतो. तिथलं टॅक्सचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपल्यासारखं एप्रिल ते मार्च नाही, आणि तुम्ही एखाद्या वर्षी ३० डिसेंबरला जरी उतरलात तरी ते अख्खं वर्ष धरलं जातं. समजा कोणी ऑगस्ट २०२३ ला गेलं, तर २०२३, २४, २५, २६ आणि २७ ही पाच वर्षं झाली आणि १ जानेवारी २०२८ पासून दिवस मोजायला सुरुवात. पीएचडीवाल्यांनी हे खास लक्षात ठेवा, तुमची डिग्री संपायच्या आधीच तुमचा फॉर्म बदलतो. ओपीटीवर असाल तरी व्हिसा एफ-१ च आहे, त्यामुळे ती वर्षं याच पाचात.

आणि समजा १ ऑक्टोबरला एच-१बी (नोकरीचा व्हिसा) सुरू झाला, तर त्या दिवसापासून दिवस मोजायला लागतात, पण डिसेंबरअखेर ९२ च दिवस होतात, म्हणून पाच वर्षांच्या आतच असाल तर त्या वर्षी बहुतेक जण नॉनरेसिडेंटच राहतात.

प्राध्यापक आणि रिसर्चर मंडळींसाठी वेगळं

आपल्याकडून जे-१ वर रिसर्चला किंवा शिकवायला जाणारे पण बरेच आहेत, त्यांना पाच वर्षांचा नियम लागू नाही. त्यांचे साधारणपणे दोनच कॅलेंडर वर्षांचे दिवस सोडले जातात, आणि आधी कधी एफ किंवा जे वर जाऊन आला असाल तर मागच्या सहा वर्षांचा हिशोब बघावा लागतो. सप्टेंबर २०२४ ला गेलेला माणूस २०२४ आणि २०२५ ला नॉनरेसिडेंट, २०२६ ला दिवस मोजायला सुरू.

यांच्यासाठी भारत-अमेरिका टॅक्स करारात कलम २२ आहे. हा करार १९८९ सालचा. शिकवणं किंवा रिसर्च यासाठी दोन वर्षांपेक्षा जास्त नाही अशा मुक्कामाला आलात तर त्या पगारावर तिकडचा फेडरल (केंद्र सरकारचा) टॅक्स नाही, फक्त रिसर्च सार्वजनिक हिताचा पाहिजे, कुणा खाजगी फायद्यासाठीचा नको. त्यासाठी युनिव्हर्सिटीच्या पेरोलला फॉर्म ८२३३ दरवर्षी द्यायचा. पण यातली अट फार कडक आहे, आणि मी ती प्रत्येकाला दोनदा सांगते: मुक्काम दोन वर्षांच्या वर गेला तर सवलत नुसती तिसऱ्या वर्षापासून बंद होत नाही, पहिल्या दिवसापासूनची जाते. म्हणजे मागच्या दोन वर्षांचा टॅक्स मागे जाऊन भरा. म्हणून ज्यांना मुक्काम वाढेल अशी थोडी जरी शक्यता वाटते त्यांनी ही सवलत घेण्याआधी युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसशी बोला, आणि घेतलीच तर तेवढे पैसे बाजूला ठेवा. घरी पाठवून फ्लॅटचा हप्ता भरून टाकू नका.

कागद गोळा करा

ताईकडे मी रविवार कारंजावरून आणलेली एक साधी प्लास्टिकची फाईल आहे, भाच्याच्या नावाची, तिच्यात त्याच्या पासपोर्टची झेरॉक्स, व्हिसाच्या पानाची, आय-२० च्या (युनिव्हर्सिटीने व्हिसासाठी दिलेला प्रवेशाचा कागद) सगळ्या पानांची (आणि हो, आय-२० बदलला की जुना फेकायचा नाही), आणि त्याने कधी भारत सोडला, सुट्टीत कधी आला, कधी परत गेला त्या तारखा एका कागदावर पेनाने लिहिलेल्या. हा शेवटचा कागद सगळ्यात कामाचा. ८८४३ मध्ये चालू वर्षाचे आणि मागच्या दोन वर्षांचे दिवस विचारतात आणि तीन वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये लग्नाला आलो होतो ते किती तारखेला परत गेलो हे कुणालाही आठवत नाही. आय-९४ ची (अमेरिकेत येण्या-जाण्याच्या सरकारी नोंदीची) ट्रॅव्हल हिस्टरी अमेरिकन सरकारच्या साईटवरून पासपोर्ट नंबर टाकून निघते, ती पण काढून ठेवा आणि पासपोर्टवरच्या शिक्क्यांशी ताडून बघा.

तिकडचे कागद असे येतात. कँपसवर किंवा ओपीटीवर नोकरी केली असेल तर डब्ल्यू-२, म्हणजे वर्षभराचा पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणारा कागद, तो मालकाने ३१ जानेवारीपर्यंत द्यायचा असतो. करारातली सवलत घेतलेला पगार किंवा राहण्या-जेवणासाठीची स्कॉलरशिप असेल तर १०४२-एस, आणि तो येतो १५ मार्चपर्यंत. म्हणून फेब्रुवारीत डब्ल्यू-२ हातात आला की घाई करून फाईल करू नका. मार्चमध्ये दुसरा कागद येतो आणि मग दुरुस्तीचा रिटर्न भरत बसावं लागतं. आधी पेरोलला ईमेल करून विचारा, माझा १०४२-एस आहे का. युनिव्हर्सिटी १०९८-टी पण देते, फीचा, तो नॉनरेसिडेंटच्या कामाचा नाही, ठेवून द्या.

पैसे कापले जातात ते बरोबर कापले जातात का

खरं तर हे काम नोकरी लागते त्याच आठवड्यात करायचं. डब्ल्यू-४ (पगारातून किती टॅक्स कापायचा ते मालकाला सांगणारा फॉर्म) भरताना नॉनरेसिडेंट लोकांसाठीच्या वेगळ्या सूचना वाचा, स्टेप ४(सी) च्या खालच्या जागेत एनआरए (नॉनरेसिडेंट एलियन) लिहायचं असतं. पेरोलवाल्यांना व्हिसा कुठला आणि पहिल्यांदा कधी आलात ते लेखी कळवा.

आणि पहिली पे-स्लिप आली की सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (तिकडची पेन्शन आणि म्हातारपणीच्या औषधोपचाराची वर्गणी) या दोन ओळी बघा. ६.२ टक्के आणि १.४५ टक्के, मिळून ७.६५. नॉनरेसिडेंट एफ-१ किंवा जे-१ स्टुडंटचे हे कापायचे नसतात, ओपीटीवर सुद्धा नाही. माझे कापले गेले होते, सात महिने. माझ्या पहिल्या नोकरीत पेरोल सांभाळणाऱ्यांनी मला इतरांसारखंच टाकून दिलं आणि मी स्लिपमधला फक्त शेवटचा आकडा बघायचे, हातात किती येतात तेवढाच. शेजारच्या डेस्कवरच्या पुण्याच्या मुलीने सांगितल्यावर कळलं. हिशोब करून बघा, महिन्याला ५,००० डॉलर पगार असेल तर ३८२.५० डॉलर महिन्याला जातात, सात महिन्यांचे २,६७७.५०. माझ्या एज्युकेशन लोनचे कितीतरी हप्ते होते ते.

परत मिळतात. क्रम असा: आधी मालकाकडे लेखी मागा, आय-२० आणि ओपीटी कार्डाची कॉपी जोडून, त्याच वर्षात मागितलं तर पेरोल पुढच्या पगारात जिरवून देतं, माझे असेच आले, दोन महिने मेल-मेली करून. मालकाने नाहीच दिले तर आयआरएसकडे (तिकडच्या टॅक्स खात्याकडे) फॉर्म ८४३ आणि सोबत ८३१६, डब्ल्यू-२ ची कॉपी जोडून. डब्ल्यू-२ वर हे आकडे बॉक्स ४ आणि ६ मध्ये असतात, ते दोन बॉक्स रिकामे आहेत ना बघा. एच-१बी झाला की मात्र त्या दिवसापासून हे कापणं बरोबरच आहे.

आता रिटर्न: १०४०-एनआर

नॉनरेसिडेंटचा फॉर्म १०४०-एनआर. नुसता १०४० नाही. मित्राने सांगितलं, टीव्हीवर जाहिरात येते त्या फुकटच्या सॉफ्टवेअरवर दहा मिनिटांत होतं आणि रिफंड पण जास्त दाखवतं, असं करून किती मुलं अडकतात. ती सॉफ्टवेअर रेसिडेंटसाठी आहेत. टर्बोटॅक्स स्वतः नॉनरेसिडेंट रिटर्न करत नाही. तिथे रिफंड जास्त दिसतो कारण ते शिक्षणाचं क्रेडिट (टॅक्समधली सूट) देऊन टाकतं, जे नॉनरेसिडेंटला घेताच येत नाही. माझ्या रूममेटने असंच केलं होतं, हजार डॉलर जास्त आले म्हणून आनंदात, आणि पुढच्या वर्षी इंटरनॅशनल ऑफिसच्या वर्कशॉपमध्ये कळल्यावर १०४०-एक्स (दुरुस्तीचा रिटर्न) भरून व्याजासकट परत केले. झालं असेल असं तर लपवू नका, दुरुस्ती करा, पुढे ग्रीन कार्डच्या वेळी जुने रिटर्न बघितले जातात. तुमची युनिव्हर्सिटी बहुतेक वेळा स्प्रिंटॅक्स किंवा ग्लेशियर (नॉनरेसिडेंटसाठीची सॉफ्टवेअर) यांचा कोड देते, तो वापरा.

आता आपल्या भारतीय मुलांच्या हक्काची गोष्ट. इतर बहुतेक देशांच्या नॉनरेसिडेंट मुलांना स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून सरसकट वजा होणारी ठराविक रक्कम) मिळत नाही, आपल्या मुलांना मिळतं, त्याच करारातल्या कलम २१(२) मुळे. २०२४ च्या वर्षाला ते १४,६०० डॉलर होतं, २०२५ च्या वर्षाला १५,७५०, एकट्या माणसासाठी. लायब्ररीत आठवड्याचे २० तास काम करून कुणी वर्षभरात १२,००० डॉलर कमावले असतील तर फेडरल टॅक्स शून्य आणि डब्ल्यू-२ च्या बॉक्स २ मध्ये जेवढे कापलेले दिसतात ते सगळे परत. ओपीटीवर २०२५ मध्ये ४०,००० कमावले तर त्यातून १५,७५० वजा, राहिले २४,२५०, त्यातल्या पहिल्या ११,९२५ वर १० टक्के आणि उरलेल्यावर १२ टक्के, टॅक्स झाला २,६७१.५०. डिडक्शन घेतलं नाही तर हाच आकडा ४,५०० च्या वर जातो. हाताने फॉर्म भरत असाल तर त्या ओळीच्या बाजूला स्टँडर्ड डिडक्शन अलाउड अंडर यूएस-इंडिया इन्कम टॅक्स ट्रीटी असं इंग्रजीत लिहायचं असतं, फॉर्मच्या सूचनांमध्येच आहे. सॉफ्टवेअर वापरलं तरी शेवटी पीडीएफ उघडून ही रक्कम आलीय का बघा, कारण कुठेतरी देश निवडायचा राहिला की येत नाही.

स्कॉलरशिपचं थोडक्यात: डिग्री करणाऱ्याला फी आणि पुस्तकांपुरती मिळालेली रक्कम टॅक्समध्ये येत नाही, राहण्या-जेवणाची येते आणि त्यावर साधारण १४ टक्के आधीच कापतात. असिस्टंटशिपचा स्टायपेंड म्हणजे पगारच. घरून आलेले पैसे उत्पन्न नाहीत, ते दाखवायचे नाहीत. बँकेच्या बचत खात्यावरचं व्याज नॉनरेसिडेंटला टॅक्सेबल नाही, पण खातं उघडताना डब्ल्यू-८बेन (मी नॉनरेसिडेंट आहे असं बँकेला सांगणारा फॉर्म) द्या, डब्ल्यू-९ वर सही करू नका, तो रेसिडेंटचा असतो. शेअरचं मात्र जपून. हल्ली मुलं पहिल्या महिन्यापासून ॲपवर शेअर घेतात, आणि वर्षात १८३ किंवा जास्त दिवस तिथे असाल तर विक्रीच्या फायद्यावर सरसकट ३० टक्के लागू शकतो. हे १८३ दिवस वरच्या १८३ पेक्षा वेगळे, इथे स्टुडंट म्हणून दिवस सुटत नाहीत.

फेडरल झाल्यावर राज्याचा. टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टन अशा काही राज्यांत पगारावर राज्याचा टॅक्स नाही, तिथली मुलं सुटली. बाकीच्यांनी वेगळा रिटर्न भरायचा, आणि कॅलिफोर्नियासारखी राज्यं केंद्राचे करार मानत नाहीत हे लक्षात ठेवा, त्यामुळे प्राध्यापकांना फेडरल शून्य आणि राज्याचा टॅक्स भरा असं होऊ शकतं.

तारखा आणि पाकीट

पगार होता: १५ एप्रिलपर्यंत १०४०-एनआर आणि त्याला जोडून ८८४३. पगार नव्हता, फक्त ८८४३: १५ जूनपर्यंत. वेळ कमी पडला तर १५ एप्रिलच्या आत ४८६८ भरून रिटर्नची मुदत १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते, पण टॅक्स द्यायचा असेल तर पैसे एप्रिलमध्येच द्या. रिटर्नच मुदतीनंतर गेला तर न भरलेल्या टॅक्सवर दंड महिन्याला ५ टक्के, २५ टक्क्यांपर्यंत जातो. उलट रिफंड असेल तर तीन वर्षांपर्यंत मागता येतो, म्हणून जुनं राहिलं असेल तर सोडून देऊ नका.

नुसता ८८४३ ऑनलाईन जात नाही, पोस्टानेच. भाच्याचा आम्ही एका रात्री व्हिडिओ कॉलवर भरला. नाव, पासपोर्ट नंबर, व्हिसा, युनिव्हर्सिटीचं नाव-पत्ता, इंटरनॅशनल ऑफिसच्या प्रमुखाचं नाव आणि दिवस, एवढंच होतं. सोशल सिक्युरिटी नंबर त्याच्याकडे नाही, ती जागा रिकामी सोडली, नुसत्या ८८४३ साठी चालतं. प्रिंट काढून पेनाने सही केली, स्कॅन करून एक कॉपी ताईला पाठवली आणि पाकीट टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या आयआरएस सेंटरला, सर्टिफाइड मेलने. पावती त्याच प्लास्टिकच्या फाईलमध्ये. एका पाकिटात एकाचाच फॉर्म घाला, रूममेटचा सोबत टाकू नका.

आणि आयआरएसच्या नावाने फोन करून आत्ताच्या आत्ता गिफ्ट कार्डने पैसे भरा नाहीतर डिपोर्ट करू असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. आयआरएस अशा पद्धतीने पैसे मागत नाही, त्यांची पत्रं पोस्टाने येतात. आई-बाबांना पण हे सांगून ठेवा, कारण मुलगा तिकडे झोपलेला असतो आणि फोन इकडे येतो.

नाशिकच्या बाजूचं काम

बाबांनी फी पाठवताना बँकेने टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना आधीच घेतला जाणारा टॅक्स) कापला असेल तर तो खर्च नाही, तुमच्या २६एएस मध्ये (आयकर खात्याकडे जमा टॅक्सचा उतारा) दिसतो आणि तुमच्या रिटर्नमध्ये वळता होतो. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंत तो लागत नाही, आधी ७ लाख होतं, आणि बँकेच्या एज्युकेशन लोनमधून गेलेल्या फीवर आता लागतच नाही. लोनचं व्याज (१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ८०ई) आठ वर्षं वजा होतं, पण जुन्या पद्धतीने (ओल्ड टॅक्स रेजिम) रिटर्न भरत असाल तरच.

शेवटचं, ज्यांची पाच वर्षं संपत आलीत त्यांच्या घरच्यांसाठी. मूल तिकडे टॅक्ससाठी रेसिडेंट झालं की भारतातलं व्याजसुद्धा तिकडच्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं, आणि सगळ्या परदेशी खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार नावाची वेगळी माहिती ऑनलाईन द्यावी लागते. यात जॉइंट खाती पण धरतात. माझी मामेबहीण पीएचडीच्या सहाव्या वर्षात गेली तेव्हा आम्ही तिच्या नावाचं सगळं काढायला बसलो. आजीने तिच्या जन्मानंतर पतपेढीत ठेवलेली आणि दर वेळी रिन्यू होत गेलेली एफडी निघाली, मामांसोबतचं जॉइंट खातं निघालं, कॉलेज रोडच्या शाखेतलं कॉलेजच्या वेळचं खातं निघालं ज्याचं पासबुक दहा वर्षं भरलेलं नव्हतं. मामांनी सोमवारी जाऊन तिन्ही पासबुकं भरून आणली, आम्ही प्रत्येक खात्यात त्या वर्षात जास्तीत जास्त किती रक्कम होती ती पेन्सिलने गोल करून फोटो पाठवले आणि तिने त्याच आकड्यांवरून एफबार भरला.